लेथवर आटे पाडायला शिकताना: एम२० × २.५ चा एक जॉब, सुरुवातीपासून नट बसेपर्यंत

फेसिंग, टर्निंग, स्टेप काढणं हे सगळं नवीन पोरांच्या हाताला पटकन बसतं, पण थ्रेडिंगचं नाव काढलं की हात आखडतो. त्याला कारण आहे. टर्निंग करताना टूल एका फेऱ्याला ०.१ ते ०.२ मिमी सरकतं, एम२० चे (२० मिमी व्यासाच्या बोल्टचे) आटे पाडताना तेच टूल एका फेऱ्याला २.५ मिमी पळतं, म्हणजे बारा ते पंचवीस पट जोरात, आणि हा फीड तुम्हाला कमी करता येत नाही कारण पिचच (एका आट्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर) तेवढा आहे. शिवाय टर्निंगमध्ये एखादा कट बिघडला तर पुढच्या कटमध्ये तो झाकला जातो, इथे मात्र प्रत्येक कट आधीच्या खोबणीतच पडला पाहिजे, एकदा चुकीच्या जागी पडला की आधीचे सगळे कट वाया.

बऱ्याच जणांना वाटतं की थ्रेडिंग म्हणजे टूल झटकन मागे घ्यायची हाताची सफाई. माझं मत वेगळं आहे. बिघडलेले आटे घेऊन पोरं येतात तेव्हा मूळ बघायला गेलं की चूक बहुतेक वेळा पहिला कट लागायच्या आधीच झालेली असते, टूलच्या टोकात, टूलच्या उंचीत, कंपाउंडच्या (टूल तिरकं सरकवता येणाऱ्या वरच्या स्लाइडच्या) अंशात नाहीतर हाफ नट नक्की काय करतो हे न कळल्यात. म्हणून खाली तयारीवरच जास्त लिहिलंय, प्रत्यक्ष कटिंगचा भाग त्यामानाने छोटा आहे.

उदाहरणाला एकच जॉब धरू: एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार, एम२० × २.५, उजवे आटे, ४० मिमी लांबी, शेवटी अंडरकट (आटे संपतात तिथली खोल खाच). मशीन साधं सेंटर लेथ, भोसरीत नाहीतर शिरोलीत कुठल्याही जॉबवर्कच्या शेडमध्ये असतं तसं. आयटीआयच्या टर्नर ट्रेडला असाल तर हाच सराव तुमच्या मशीनवर जसाच्या तसा करता येईल.

आधी जॉब नीट तयार करा

बार जमेल तेवढा आत धरा, तोंडाला सेंटर ड्रिल मारा आणि रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा आधार द्या. एम२० चा ४० मिमी तुकडा सेंटरशिवायही निघेल असं वाटतं, पण व्ही आकाराचं टूल दोन्ही बाजूंनी मटेरियल ढकलत असतं, जॉब किंचित वाकतो, आणि मग तोंडाजवळ आटे जाड आणि चकाजवळ बारीक असा टेपर येतो.

बाहेरचा व्यास बरोबर २०.०० ठेवू नका. ६जी टॉलरन्सला (बाहेरच्या आट्यांच्या मापात किती सूट चालते त्याचा एक दर्जा) एम२० चा बाहेरचा व्यास १९.६२३ ते १९.९५८ च्या मध्ये चालतो, मी १९.८५ ला ठेवायला सांगतो. आटे पाडताना माथ्यावरचं मटेरियल थोडं वर फुगतं, २०.०० ठेवला तर बाजू बरोबर असूनही नट माथ्यावर अडकतो आणि माणूस उगाच आणखी खोल जात बसतो.

तोंडाला ४५ अंशाचा चॅम्फर मारा, तो आट्याच्या तळापर्यंत जाऊ दे. शेवटी अंडरकट ५ मिमी रुंद, म्हणजे दोन पिच, आणि व्यास १६.२ च्या आसपास. ड्रॉइंगमध्ये अंडरकट नसेल आणि तुम्ही शिकत असाल तरी सरावाच्या जॉबला तो घ्याच, टूलला थांबायला जागा मिळाली की निम्मी भीती तिथेच जाते. चक घट्ट आवळल्यावर जॉब आणि जबड्यावर मिळून मार्करची एक रेघ मारून ठेवा, जॉब चकात घसरला तर ती रेघ लगेच सांगते, नाहीतर तुम्ही गिअरमध्ये चूक शोधत बसाल.

टूलचं टोक, आणि टेबलातली खोली खोटी का वाटते

मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. एचएसएस (हायस्पीड स्टील) बिट घासताना सेंटर गेजच्या (६० अंशाची खाच असलेल्या पातळ पट्टीच्या) खाचेत टूल धरून मागून उजेडाकडे बघा, दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट दिसायला नको. वरचा रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य ठेवा. टर्निंग टूलसारखा रेक दिला की कापताना उमटणारा कोन बदलतो, मग गेजमध्ये टूल ६० अंश दाखवतं आणि आटा दुसराच येतो.

साइड क्लिअरन्सला (टूलच्या बाजू घासू नयेत म्हणून दिलेल्या उताराला) जपा. आटा हा उतार आहे, एम२० ला तो सुमारे अडीच अंशांचा येतो. उजवा आटा चकाकडे जाताना पडतो, त्यामुळे टूलची डावी बाजू पुढे असते, तिला नेहमीच्या तीन-चार अंशांवर हे अडीच अंश वाढवून द्यायला लागतात. नाही दिले तर टूल कापायच्या ऐवजी टाचेवर घासत जातं आणि आट्याची एक बाजू चकचकीत, दुसरी फाटलेली अशी येते. जास्त पिचच्या ट्रॅपेझॉइडल आट्याला हा उतार आणखी वाढतो, टीआर २० × ४ ला तो चार अंशांच्या वर जातो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तो मुद्दा. पुस्तकात बाहेरच्या आट्याची खोली ०.६१३४ × पिच दिलेली असते, २.५ पिचला १.५३ मिमी. पोरगा डायलवर बरोबर १.५३ घेतो, नट लावतो, नट आत जात नाही. मग गिअर बघ, पिच बघ, नटच खराब आहे म्हण, असं सुरू होतं. खरी गोष्ट अशी की १.५३ हा आकडा टूलच्या टोकाला साधारण ०.३६ मिमी नोज रेडियस (टोकाची गोलाई) आहे असं धरून काढलेला आहे. ग्राइंडरवरून नुकतं घासून आणलेलं टूल सुईसारखं असतं, ते १.५३ वर पोचतं तेव्हा त्याची खोबण वरच्या बाजूला हवी तेवढी रुंदच झालेली नसते. नट तर आट्याच्या बाजूंवर बसतो, तळावर बसत नाही.

६० अंशाच्या टोकाचा हिशोब सोपा आहे: टोकाला जेवढा रेडियस द्याल तेवढीच खोली कमी लागते. आपल्या १९.८५ च्या जॉबला एकदम अणकुचीदार टूलने साधारण १.८८ पर्यंत जावं लागेल, ०.२५ रेडियस असेल तर १.६३ च्या आसपास, ०.३६ असेल तर १.५२. म्हणून ऑइल स्टोनवर टोक हलक्या हाताने गोल करा, ०.२ ते ०.२५ पर्यंत, आणि खोली डायलवर ठरवून ठेवण्यापेक्षा जवळ पोचल्यावर मोजून ठरवा. अणकुचीदार टोक दोन-चार कटमध्ये तुटतं हा तोटा वेगळाच, आणि तसला धारदार तळ असलेला बोल्ट लोड आल्यावर तिथूनच क्रॅक जातो.

कार्बाइड इन्सर्ट वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. '१६ ईआर २.५ आयएसओ' हा फुल प्रोफाइल, म्हणजे त्या एकाच पिचसाठी बनवलेला, त्याचं टोक बरोबर असतं आणि तो माथाही स्वतःच साफ करतो. '१६ ईआर एजी६०' मात्र ०.५ ते ३ मिमी अशा सगळ्या पिचला चालतो, म्हणून त्याचं टोक लहान पिचला साजेल इतकं बारीक ठेवलेलं असतं आणि २.५ पिचला टेबलापेक्षा खोल जावं लागतं. शिकायला मात्र एचएसएसच घ्या, कमी स्पीडवर कार्बाइडची धार चिरते आणि टूल कापतंय कसं हे कळतही नाही.

टूल बसवणं आणि कंपाउंडचा अंश

टूलचं टोक बरोबर सेंटर हाइटला. टेलस्टॉकच्या सेंटरला लावून बघा, नाहीतर पातळ स्टील पट्टी जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकी दाबून धरा: पट्टी उभी सरळ राहिली तर उंची बरोबर, वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली आहे, जॉबकडे कललं तर टूल वर आहे. मग सेंटर गेज जॉबला टेकवून टूल त्याच्या खाचेत सरळ बसवा, नट आवळताना टूल किंचित फिरतं म्हणून आवळल्यावर परत एकदा बघा. इथे एक-दोन अंश तिरकं राहिलं तर आटा एका बाजूला झुकलेला येतो, लांबून दिसत नाही पण नट अर्ध्यात जाम होतो.

कंपाउंड स्लाइड २९.५ अंशावर फिरवायची, हँडल टेलस्टॉकच्या बाजूला. तिच्या हँडलने कट दिला की टूल तिरकं आत जातं, डावी बाजूच मुख्यतः कापते आणि उजवी नुसती खरवडते, चिप मोकळी सुटते. सरळ क्रॉस स्लाइडने कट दिला तर दोन्ही बाजूंच्या चिप टोकाशी एकमेकींवर येऊन अडतात, खोली वाढली की टूल थरथरतं आणि बाजू फाटतात. १.५ पिचपर्यंत सरळ कटही चालून जातो, त्यात फार अडकू नका.

अंशाच्या बाबतीत एक सापळा आहे. हे २९.५ अंश क्रॉस स्लाइडच्या रेषेपासून मोजायचे असतात. काही मशीनवर कंपाउंड क्रॉस स्लाइडच्या रेषेत असताना शून्य दाखवतो, काहींवर बेडला समांतर असताना. दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर पट्टी ६०.५ दाखवेल तेव्हा तुमचे २९.५ झालेले असतात. पट्टीवरचा आकडा डोळे मिटून लावला की कंपाउंड भलत्याच दिशेने जातो आणि कटचा सगळा हिशोब कोसळतो. आणि कंपाउंड तिरकी असल्यामुळे १.६३ खोलीसाठी तिच्या डायलवर १.६३ भागिले ०.८७, म्हणजे १.८७ च्या आसपास जावं लागेल. तुमच्या क्रॉस स्लाइडचा डायल व्यासावर वाचतो की त्रिज्येवर हेही आधीच बघून ठेवा, मशीनगणिक फरक असतो.

गिअर

मशीनवर चार्टची प्लेट असेल तर ती बघा आणि लिव्हर तसे टाका, विषय संपला. प्लेट झिजून वाचता येत नसेल नाहीतर चेंज गिअर हाताने बदलायचे असतील तर सूत्र एवढंच: ड्रायव्हर (फिरवणारा गिअर) भागिले ड्रिव्हन (फिरवला जाणारा) = पाडायचा पिच भागिले लीड स्क्रूचा (कॅरेज, म्हणजे टूल वाहून नेणारा भाग, ओढणाऱ्या लांब स्क्रूचा) पिच. ६ मिमीच्या लीड स्क्रूवर २.५ साठी २.५/६, म्हणजे २५/६०.

जुन्या इंची मशीनवर लीड स्क्रू बऱ्याचदा ४ टीपीआयचा (इंचाला ४ आटे) असतो. तिथे मेट्रिक आटे पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. हिशोब ५ × पिच × टीपीआय भागिले १२७, आपल्या जॉबला ५०/१२७. १२७ चा गिअर नसेल तर काही ठिकाणी ६३ दातांच्या गिअरने जवळपासचं गुणोत्तर काढतात, फरक इतका बारीक असतो की ४० मिमीच्या बोल्टला काही बिघडत नाही, लांब लीड स्क्रू बनवायला मात्र ते वापरू नका.

हाफ नट: इथे थांबून नीट समजून घ्या

हाफ नट बंद केला की कॅरेज लीड स्क्रूला बांधली जाते आणि लीड स्क्रू गिअरमधून स्पिंडलला बांधलेला असतो. म्हणजे जॉबचा एक फेरा आणि टूलची २.५ मिमी चाल यांचं नातं पक्कं होतं. हाफ नट उघडलात की ते नातं तुटलं. परत बंद करताना तो लीड स्क्रूच्या कुठल्या आट्यात बसेल हे तुम्ही पकडाल त्या क्षणावर ठरतं.

६ मिमीच्या लीड स्क्रूवर १, १.५, २ किंवा ३ पिच पाडत असाल तर कुठेही पकडा, कारण ६ ला या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. २.५ ने भाग जात नाही. समजा हाफ नट एक आटा पुढे बसला, तर टूल ६ मिमी पुढे जाईल, ६ मिमी म्हणजे दोन पिच आणि वर १ मिमी, म्हणजे टूल जुन्या खोबणीच्या १ मिमी बाजूला नवी खोबण पाडणार आणि जॉब भंगारात. ६ आणि २.५ दोन्ही जिथे जुळतात ते अंतर ३० मिमी, म्हणजे लीड स्क्रूचे पाच आटे. चेसिंग डायल (कॅरेजवरची, लीड स्क्रूवर चाक टेकून फिरणारी खुणांची तबकडी) हेच मोजून दाखवतो. १५ दातांचं चाक असेल तर डायलचा एक फेरा ९० मिमीचा, त्यावर सारख्या अंतरावरच्या तीनच खुणा तुमच्या कामाच्या.

इंची लीड स्क्रूवर इंची आटे असतील तर गोष्ट आणखी सोपी. ४ टीपीआयच्या स्क्रूवर, आकडे एकेक इंचावर असलेल्या डायलला, ४ ने भाग जाणारे टीपीआय कुठेही, सम टीपीआय कुठल्याही खुणेवर, विषम टीपीआय फक्त आकड्याच्या खुणेवर, आणि साडेअकरासारखे अर्धे टीपीआय एक आकडा सोडून एक. पण इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना डायल कामाचाच नाही, तिथे हाफ नट जॉब संपेपर्यंत उघडायचाच नाही.

शिकणाऱ्याला माझा सल्ला असा की सुरुवातीला कुठलाही पिच असो, हाफ नट उघडूच नका. टूल बाहेर काढा, स्पिंडल उलटा फिरवा, कॅरेज आपोआप मागे येईल. वेळ जास्त जातो हे खरं, पण खोबण चुकायची शक्यताच राहत नाही आणि तुमचं सगळं लक्ष टूल बाहेर काढण्यावर राहतं. डायल नंतर शिका.

उलटं येताना दोन गोष्टी सांभाळा. एक, लीड स्क्रू आणि गिअरमध्ये थोडा प्ले (ढिलेपणा) असतो, म्हणून कॅरेज जॉबच्या तोंडाच्या ८-१० मिमी मागे येऊ द्या, म्हणजे पुढे निघताना टूल धातूला लागायच्या आधी तो प्ले भरून निघेल. टेलस्टॉकचा सेंटर आड येत असेल तर बारीक नाकाचा सेंटर वापरा किंवा जॉब आधीच थोडा लांब ठेवा. दुसरं, जुन्या मशीनवर चक स्पिंडलच्या आट्यांवर नुसता फिरवून बसवलेला असेल तर जोरात उलटं फिरवताना किंवा झटका देऊन थांबवताना चक सुटू शकतो. तसं मशीन असेल तर सगळ्यात कमी स्पीडवरच उलटा फिरवा आणि मध्ये पूर्ण थांबू द्या.

स्पीड, आणि हवेतला सराव

एचएसएसने एमएसवर थ्रेडिंगला मिनिटाला साधारण १० मीटर कटिंग स्पीड धरतात, २० मिमी व्यासाला ते १६० आरपीएमच्या आसपास येतं. शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करायची नाही. १६० आरपीएमला कॅरेज सेकंदाला पावणेसात मिमी जवळ पळते, ५ मिमीचा अंडरकट पाऊण सेकंदात संपतो. ४० आरपीएमला तोच अंडरकट पार करायला तीन सेकंद लागतात. बॅक गिअर (स्पिंडलचा स्पीड खूप कमी करणारा) टाका, मशीनचा सगळ्यात कमी स्पीड घ्या.

मग टूल जॉबपासून दोन-तीन मिमी बाहेर ठेवून नुसता हवेत सराव करा. हाफ नट बंद, कॅरेज निघाली, टूल अंडरकटच्या वर आलं की डाव्या हाताने क्रॉस स्लाइड एक फेरा बाहेर, उजव्या हाताने स्पिंडल बंद, मग उलट. क्रम हाच: आधी टूल बाहेर, मग उलट. टूल खोबणीत असताना स्पिंडल उलटा फिरवला तर प्लेमुळे टोक बाजूवर दाबलं जातं आणि तुटतं. हात न बघता चालायला लागेपर्यंत हे करत राहा. मोटर बंद केल्यावर स्पिंडल किती फिरून थांबतो हेही इथेच कळतं, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं.

क्रॉस स्लाइडचा डायल कट सुरू होण्याच्या जागेवर शून्य करून ठेवा. दर वेळी टूल बाहेर काढायचं आणि परत बरोबर त्याच शून्यावर आणायचं, कट फक्त कंपाउंडने वाढवायचा. शून्यावर येताना नेहमी बाहेरून आत या म्हणजे स्क्रूचा प्ले एकाच बाजूला राहील.

आता कट

जॉबवर मार्कर किंवा निळा रंग लावा. टूल जॉबला नुसतं टेकवून दोन्ही डायल शून्य करा, टूल तोंडाच्या मागे न्या, कंपाउंडने ०.०५ द्या आणि एक ओरखडा पास घ्या. मशीन बंद करून पट्टी लावा: २५ मिमीमध्ये बरोबर १० आटे आले पाहिजेत. पिच गेजही लावा. इथे चूक दिसली तर गिअर बदलायला अजून वाव आहे.

पुढचे कट कंपाउंडवर साधारण असे: ०.२५ दोनदा, ०.२० दोनदा, ०.१५ दोनदा, ०.१० तीनदा, मग ०.०५ ने पुढे. कट कमी-कमी का करायचे? व्ही खोबणीत खोली वाढते तशी रुंदीही वाढते. पहिल्या ०.२५ मध्ये जेवढं मटेरियल निघतं त्याच्या तिप्पट दुसऱ्या ०.२५ मध्ये निघतं आणि पाचपट तिसऱ्यात. डायलवर आकडा तोच दिसतो, टूलवर लोड मात्र चढत जातो, म्हणूनच सुरुवातीला मस्त चाललेलं टूल मध्येच किंचाळायला लागतं. प्रत्येक पासला ब्रशने कटिंग ऑइल लावा, स्पिंडल थांबलेला असताना.

डोळ्याने अंदाज घ्यायला माथा बघा. सुरुवातीला माथ्यावर रुंद सपाट पट्टी असते, ती प्रत्येक कटला बारीक होत जाते. साधारण ०.३ ते ०.४ मिमी उरली की तुम्ही मापाच्या अगदी जवळ आहात. माथा चाकूसारखा धारदार झाला असेल तर आटा ढिला होणार हे नक्की.

कंपाउंडवर १.७५ च्या पुढे गेल्यावर घाई नको. एम२० × २.५ ला ६जी मध्ये पिच व्यास (आट्याच्या बाजूंच्या मधोमध धरलेला व्यास) १८.१६४ ते १८.३३४, म्हणजे सगळी सूट ०.१७ मिमी, आणि टूल जितकं आत जाईल त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो. म्हणून इथून पुढे ०.०२-०.०३ चेच कट. मध्ये एकदा डायल न हलवता एक-दोन रिकामे पास घ्या, दबलेला जॉब आणि टूल सैल होऊन तेवढ्यातही थोडं मटेरियल निघतं, आणि मगच नट लावून बघा.

नट लावताना मशीन पूर्ण बंद, टूल लांब, सेंटर मागे. जॉब चकातून अजिबात काढायचा नाही. माथ्यावरचे बर (उभ्या राहिलेल्या बारीक धारा) आधी हलक्या हाताने फाइलने काढा, बर असताना नट अडला तर त्याला काही अर्थ नाही. बाजारातला नट थोडा ढिला असतो, रिंग गेज (आटे तपासायची गो आणि नो-गो कड्यांची जोडी) मिळत असेल तर तीच वापरा, गो पूर्ण जायला हवी आणि नो-गो दोन फेऱ्यांच्या पुढे जाता कामा नये. पक्कं माप हवं असेल तर आट्यांच्या खोबणीत ठेवायच्या तीन तारा आणि मायक्रोमीटर: १.४४३ मिमीच्या तारा घेतल्या तर तारांवरून रीडिंग २०.३२९ ते २०.४९९ च्या मध्ये यायला हवं.

आणि एक गोष्ट सुरक्षेची. नव्या आट्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. फिरत्या आट्यांवर बोट, चिंधी, कॉटन वेस्ट काहीही लावू नका, हातमोजे घालून लेथवर उभं राहू नका. चिंधी आट्यात अडकली की हात सोडवायला वेळ मिळत नाही.

मध्येच टूल तुटलं तर

जॉब वाया गेला असं समजू नका. टूल परत घासा, सेंटर गेजने परत सरळ लावा. टूल जॉबच्या बाहेर ठेवून हाफ नट बंद करा, स्पिंडल सरळ दिशेने फिरवून कॅरेजला आट्याच्या मध्यापर्यंत येऊ द्या आणि थांबवा. ते सरळ दिशेनेच थांबलं पाहिजे, नाहीतर प्ले उलट्या बाजूला राहतो. आता क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड दोन्ही थोडं-थोडं हलवून टोक खोबणीत बरोबर मध्ये बसवा, मागे पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते दिसतं. तिथे दोन्ही डायल शून्य करा, टूल बाहेर काढा, एक पास न कापता नुसता बघा, मग कट सुरू करा. हे एकदा मुद्दाम करून बघा, भंगार जॉबवर. हे जमायला लागलं की थ्रेडिंगची भीती खरोखर जाते, कारण मग बिघडलेलं सावरता येतं.

मटेरियल आणि ५५ अंश

एमएसमध्येही नरम, चिकट बार आला की बाजू फाटतात, तिथे धार आणि ऑइल हेच उपाय. ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) उलट स्वच्छ कापला जातो. पितळ आणि कास्ट आयर्न कोरडंच, अॅल्युमिनियमला रॉकेल. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चा स्वभाव वेगळा, ते घासलं की कडक होतं, म्हणून तिथे रिकामे पास घेऊ नका आणि ०.०५ पेक्षा कमी कट देऊ नका, टूल कापत राहिलं पाहिजे.

पाण्याच्या पाइपचं, बोअरवेलचं, पंपाच्या फिटिंगचं काम आलं तर तिथे बहुतेक बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे पाइपचे) आटे असतात आणि त्यांचा कोन ५५ अंश, १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने ठरवलेला. अर्धा इंची बीएसपी म्हणजे १४ टीपीआय आणि बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी. ६० अंशाच्या टूलने पाडले तर दिसायला सारखेच दिसतात, कपलिंग चढतंही, पण पाणी गळतं. सेंटर गेजही ५५ चा वेगळा मिळतो, तो जवळ ठेवा.

आतले आटे थोडक्यात

बाहेरचे जमल्याशिवाय आतल्यांना हात लावू नका, कारण टूल दिसत नाही. एम२० च्या नटासाठी बोअर १७.२९४ ते १७.७४४ मध्ये, १७.५ चं ड्रिल मारून चालतं. बोअरिंग बार जमेल तेवढा जाड आणि कमीत कमी बाहेर काढलेला घ्या. सगळ्यात मोठी अडचण हाताची: इथे टूल तुमच्याकडे ओढलं की कट लागतो आणि पलीकडे ढकललं की सुटतं, बाहेरच्या आट्यांच्या बरोबर उलट, आणि घाईत हात जुन्या सवयीने ओढतो. म्हणून हवेतला सराव पुन्हा पहिल्यापासून करा. कंपाउंडही दुसऱ्या बाजूला फिरवायची. बार लवचिक असल्यामुळे कट निम्मे घ्या आणि शेवटचे रिकामे पास जास्त.

बंद भोकात टूल तळावर आदळायची भीती असेल तर एक युक्ती आहे: आतल्या टोकाला अंडरकट घ्या, टूल उलटं बसवा आणि स्पिंडल उलटा फिरवून आतून बाहेर कापत या. उजवाच आटा पडतो आणि टूल मोकळ्या जागेत बाहेर पडतं. टूल नुसतं उलटं केलं तर ते तुमच्या बाजूच्याच भिंतीवर कापतं, म्हणजे तुमच्याकडे ओढलं की कट हा नियम तसाच राहतो. पण आट्यांवर बसवलेला चक असलेल्या मशीनवर ही युक्ती करायची नाही, तिथे कट लागताच चक सुटायला लागतो.